तीन मजले, विनावेदना

आईची टाच दुखायला लागून वर्ष झालं होतं आणि मला ते धड माहीत नव्हतं. बाकी सगळ्या कोल्हापूरचं दुखणं मला तोंडपाठ होतं. मंडईत भाजी विकणाऱ्या बायकांना मुतारी नाही, सूतगिरणीत रात्रपाळी संपवून निघणाऱ्या बायकांना घरी सोडायला गाडी नाही, झोपडपट्टीतल्या नळाला पाणी येतं ते बायका कामाला गेल्यावर येतं, या सगळ्यावर मी पत्रकं लिहिली होती. वय एकवीस, बी.ए.चं शेवटचं वर्ष, पिशवीत कायम पत्रकांचा गठ्ठा. घरी यायचे ती जेवायला आणि झोपायला. सकाळी अंथरुणातून उठली की आई भिंतीला धरून पहिली दहा-बारा पावलं टाकायची, चवड्यावर, टाच उचलून. मला वाटायचं, माझी झोप मोडू नये म्हणून ती हळू चालते.

एका रविवारी बघितलं, तर स्टोव्हवर विटेचा तुकडा तापत होता. तो तिनं फडक्यात धरून खाली ठेवला, वर रुईचं पान ठेवलं आणि पानावर उजवी टाच दाबली. चर्र आवाज झाला.

"हे काय गं?"

"शेकतो."

"काय झालंय?"

"टाच दुखती. हाड वाढलंय म्हनं."

"कधीपासनं?"

"मागल्या दिवाळीच्या आदीपासनं. तू तवा मोर्च्यात होतीस."

ती रागानं बोलली नाही. साधं सांगितलं. मला मात्र ते लागलं.

आई एका मुलींच्या हायस्कुलात शिपाई होती. हंगामी. अकरा वर्षं हंगामी. शाळा तीन मजली. घंटा द्यायची, हजेरीची पुस्तकं वर न्यायची, सूचनेची वही वर्गावर्गातून फिरवायची, पाण्याचे पिंप भरायचे, संध्याकाळी फरशी पुसायची. आणि हे सगळं अनवाणी. शिपायांनी चपला जिन्याखाली काढायच्या आणि मगच वर जायचं, असा तिथला नियम होता. कुणी केला, कधी केला, लेखी होता का, कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण मात्र सगळ्यांना पाठ होतं, की शाळा हे मंदिर आहे. मंदिर होतं तर शिक्षक बाईंच्या सँडलची टकटक त्याच फरशीवरून कशी चालत होती? त्या मंदिरात चपलेनं विटाळ होत होता तो फक्त तीन माणसांच्या. माझी आई, दुसऱ्या एक मावशी आणि पंप चालू करणारे एक म्हातारे काका.

आमच्या आजोबांनी छप्पन्न साली धर्म बदलला. त्याआधी आजीला गावातल्या वरच्या आळीतून जाताना पायातलं हातात घ्यावं लागायचं. ही गोष्ट मी भाषणात कमीत कमी वीस वेळा सांगितली असेल. आई रोज साडेदहाला जिन्याखाली चपला काढते, हे मी एकदाही सांगितलं नाही. मला ते दिसलंच नव्हतं. शाळेला शिस्त असते, असं मी धरून चालले होते.

आमच्या संघटनेचे अध्यक्ष वकील होते. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणायचे. पत्रक लिहायला मला त्यांनीच शिकवलं. वाक्य आखूड पाहिजे. मथळ्यात 'तुम्ही' पाहिजे. मधे एक माणूस बोलला पाहिजे, म्हणजे वाचणारा थांबतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मजकूर आदल्या दिवशी तयार पाहिजे. मोर्चा निघायच्या आधी मोर्च्याची बातमी लिहून ठेवायची, 'प्रचंड प्रतिसादात' वगैरे सगळं घालून. आकड्याची जागा तेवढी मोकळी सोडायची आणि संध्याकाळी ती भरून सायकलवरून वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत टाकून यायची. आम्ही सगळे असंच करायचो. त्यात खोटं काही आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. होणारच आहे ते लिहिलं, एवढंच.

दादांना मी आईच्या टाचेचं सांगितलं. ते खुर्चीत सरळ होऊन बसले.

"एकट्या तुझ्या आईचं हाय का हे? उभ्यानं राबणाऱ्या प्रत्येक बाईचं हाय. शिबिर घेऊ. टाचदुखीचं. मोफत. कोण घेतलंय आजपर्यंत असलं शिबिर?"

कुणीच घेतलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी जवळजवळ पळत आले. मथळा वाटेतच सुचला होता: 'टाच तुमची, पिळवणूक त्यांची!'

शिबिर एका मंगल कार्यालयात झालं. बाहेरगावचे एक डॉक्टर आले होते. एका चप्पल कंपनीनं बायकांना फुकट सँडल द्यायचं कबूल केलं होतं, त्यांचा फलक आमच्या फलकापेक्षा मोठा होता. ते मला खटकलं, पण दादा म्हणाले, "त्यांचा फलक मोठा, आपलं काम मोठं." टाळी द्यावी असं वाक्य. मी मनातल्या मनात दिली.

रांग रस्त्यापर्यंत गेली. आमचा एक कार्यकर्ता ओरडत होता, "पावणं, लाईन सोडू नका! टाच दुखणाऱ्यांनी फुडं या, गुडघ्यावाल्यांनी फुडल्या येळी!"

एक म्हातारी त्याला म्हणाली, "आरं, पाय तोडून आणू का टाच तेवढी?"

डॉक्टरांनी आईची टाच अंगठ्यानं दाबली तशी ती कळवळली. ते म्हणाले, हाडाचा काही प्रश्न नाही. टाचेपासून बोटांकडे जाणारा तळपायाचा जाड पडदा आहे, तो ताणून ताणून सुजलाय. गोळ्यांनी, शेकानं होत नाही म्हणता, तर त्याला विश्रांती देऊ. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टरवरच चालायचं, खाली रबरी ठोकळा लावून देतो.

असं पाच-सहा जणींना प्लास्टर घातलं. डॉक्टर पट्टी गुंडाळून पुढच्या बाईकडे वळायचे आणि मागून एक मदतनीस रबरी ठोकळा बसवायचा. आईच्या प्लास्टरला त्यानं तो पार मागं लावला, बरोबर टाचेखाली. दिसायला ते ठीकच दिसत होतं. बुटाला टाच असते, तशी ही प्लास्टरची टाच. डॉक्टरांनी एका कागदावर इंग्रजीत काहीतरी खरडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "दुसऱ्या पायाचंही बघा हं, हे महत्त्वाचं आहे." मला ते अक्षर लागेना, म्हणून मी कागद दादांना दाखवला. त्यांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "हे मी बघतो. कंपनीला सांगतो."

मग फोटोवाला आला. दादा आईसमोर उकिडवे बसले आणि तिचा प्लास्टरचा पाय त्यांनी दोन्ही हातांत धरला. मोठा वकील, पांढरी पँट, खाली बसून माझ्या आईचा पाय हातात घेतोय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला आजी आठवली. आता लिहितानाही त्या रडण्याची मला लाज वाटते, पण तेव्हा ते खरं होतं.

त्याच संध्याकाळी मी पुढचं पत्रक लिहिलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायचा कार्यक्रम होणार, सँडल वाटणार, आणि तेव्हा वाटायचं पत्रक आधीच छापून पाहिजे होतं, कारण छापखानेवाला नंतर लग्नपत्रिकांत अडकणार होता. मधे एक माणूस बोलला पाहिजे. म्हणून मी चौकटीत लिहिलं: "'आता मी शाळेचे तीन मजले विनावेदना चढते!' – एक कष्टकरी माउली." शेजारी दादांच्या हातातल्या पायाचा फोटो, आईच्या चेहऱ्यासकट. खाली मजकूर लिहिणारी म्हणून माझं नाव. आईच्या पायावरचं प्लास्टर अजून ओलं होतं.

हंगामी माणसाला सहा आठवडे रजा कोण देणार? आई चौथ्या दिवशी कामावर गेली. उजव्या पायाला प्लास्टर, खाली ठोकळा. डाव्या पायातली चप्पल जिन्याखाली. म्हणजे एक पाय तीन बोटं उंच आणि दुसरा फरशीवर उघडा. ती अशी तीन मजले चढत-उतरत होती. मी हे सगळं ऐकत होते, आणि तिचं आता बरं होणार म्हणून खुशीत होते.

शाळेच्या कोपऱ्यावर एक चपला शिवणारे बसायचे. निपाणीकडचे, सगळ्या बायकांना अक्का म्हणायचे. एकदा आईला न्यायला गेले, तर त्यांनी तिला हाताखालच्या पेटीवर बसवलं होतं आणि प्लास्टरचा पाय वळवून बघत होते.

"हे कुणी लावलं, अक्का?"

"डाक्टरनी."

"ठोकळा हितं आसतो व्हय? तुमची दुखती कुठं?"

"टाच."

"आन् सगळा भार कुठं पडतोय? टाचंवरच की! दुखत्या जाग्यावरच खुट्टी मारून ठेवलीया त्यांनी. ह्यो मधी पायजे, पायाच्या कमानीखाली. म्हंजे टाच अधांतरी ऱ्हाती." मग त्यांनी डाव्या पायाकडं बघितलं. "आन् ह्यात काय घालता?"

"हितं चप्पल. शाळंत काय न्हाय."

हातातली आरी त्यांनी खाली ठेवली. "अक्का, टेबलाचा एक पाय उंच केला तर टेबल हलतंय. माणूस हलत न्हाय. माणूस कंबर मोडून घेतंय. डाव्या पायाला तेवढाच उंच तळ पायजे."

मी तिथं उभी होते. कष्टकऱ्याच्या हातातलं ज्ञान यावर मी स्वतः एक अख्खी पुस्तिका लिहिली होती. आणि मी त्या माणसाला काय म्हणाले?

"मामा, डॉक्टरांनी विचार करूनच लावलं असेल ना."

"असंल बाई," ते म्हणाले. "शिकलेली माणसं." आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चप्पल हातात घेतली.

प्लास्टर काढायच्या कार्यक्रमाला तोबा गर्दी. आईची पोटरी वाळून हाताएवढी झाली होती, घोटा वाकत नव्हता. स्टेजवरच तिला कंपनीची नवी सँडल घातली. चकचकीत, पट्ट्यावर खडे, आणि तळ असा टणक की बोटानं ठोकला तर वाजावा. दादा माईकवरून म्हणाले, "आता माउली चालून दाखवतील." आई चालली. सहा पावलं. हसली पण. टाळ्या पडल्या. माझी पत्रकं हातोहात गेली, काही शाळांतून, काही दवाखान्यांतून. गठ्ठा संपला म्हणून मी खूश.

रिक्षात बसल्यावर तिनं सँडल काढून मांडीवर घेतली.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"उजवी हुती तशीच हाय. आता डावी बी धरली. आन् कंबर."

"मग हसलीस कशाला?"

"समदी बघत हुती की."

दुसऱ्याच दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीण बाईंना शिबिराचा केसपेपर दाखवला, ठोकळा कुठं लावला होता ते सांगितलं. त्यांनी चपला शिवणाऱ्या मामांचंच सगळं सांगितलं, शब्द तेवढे वेगळे. ठोकळा टाचेखाली आल्यानं दर पावलाला दुखऱ्या जागीच मार बसला. दुसरा पाय बुटका राहिल्यानं कमरेतून हेलकावा आला आणि तो पायही ताणला गेला. त्यात अनवाणी, कडक फरशी. "प्लास्टर घालणं चूक नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण प्लास्टर म्हणजेही एक पादत्राणच की. ते उंच केलं तर जोडीचं दुसरंही उंच करावं लागतं. तुम्हाला लिहून दिलं नव्हतं?"

लिहून दिलं होतं. ते दादांच्या खिशात होतं.

डॉक्टरीण बाईंनी चिठ्ठी दिली: मऊ तळाची चप्पल कायम पायात हवी, घरात आणि कामावरही, अनवाणी अजिबात चालू नये, शक्यतो बसून काम द्यावं. ती चिठ्ठी घेऊन आई मुख्याध्यापिका बाईंकडे गेली. परत आली ती माझं पत्रक हातात घेऊन.

"बाईनं दिलं," ती म्हणाली. "आन् इचारलं, मावशी, ही चिठ्ठी खरी का हे छापलेलं खरं? तुमच्या पोरीचंच नाव हाय खाली. जिना चढाय येतोय तर नियम पाळा. येत न्हाय म्हनत आसाल तर तसं सांगा, म्हंजे दुसरी बाई बघाय बरी."

म्हणजे असं. टाच बरी असेल तर अनवाणी चढ, नसेल तर घरी बस. अकरा वर्षं हंगामी राबलेल्या बाईपुढं ही दोन दारं ठेवली होती, आणि दोन्हीला कडी माझ्या वाक्याची.

मी तडक दादांच्या ऑफिसात गेले. दोन पक्षकार बसले होते, त्यांच्यादेखत विचारलं, "त्या कागदाचं काय झालं?"

"कुठल्या?"

"दुसऱ्या पायाला उंच तळ. तुम्ही बघतो म्हणाला होता."

त्यांनी पक्षकारांना बाहेर बसायला सांगितलं. मग शांतपणे म्हणाले, "अगं, कंपनीला विचारलं की मी. ती म्हणाली, आम्ही जोड विकतो, एका पायाची उंच चप्पल कोण बनवून देणार? त्यांचं पण बरोबर हाय."

"मग मला का नाही सांगितलं? कोपऱ्यावरच्या मामांनी शिवून दिली असती."

"सांगून काय झालं असतं? तू बाऊ केला असतास. कार्यक्रमाच्या तोंडावर."

"दादा, पत्रक दुरुस्त करायचं. माफी छापायची."

ते हसले. खरंच हसले. "अगं येडे, पत्रक म्हंजे काय दवाखान्याचा रिपोर्ट हाय का? लोकं उठली, बायका बोलाय लागल्या, ते बघ की. आन् ते वाक्य मी लिहिलंय का? तूच लिहिलंस. लई भारी लिहिलंस. फुडच्या महिन्यात नेसरीला शिबिर हाय, आईला घेऊन ये. स्टेजवर दोन शब्द बोलू देत."

मी पिशवी उचलून निघाले. मला भांडता येत नव्हतं असं नाही, माझं कामच ते होतं. पण ज्याच्याकडून भांडायला शिकले त्याच्याशी कसं भांडायचं ते त्यानं शिकवलं नव्हतं. जिना उतरताना मला एवढंच दिसत होतं, की त्या माणसानं माझ्या आईचा पाय हातात धरला होता तेव्हा तो फोटोवाल्याकडं बघत होता. फोटोत तसं स्पष्ट दिसतं. मी तो फोटो स्वतः निवडला होता.

घरी येऊन मी आईपुढं फणफणले. फसवलं, वापरलं, चळवळ विकली, जे येत होतं ते सगळं. आई तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"त्यानं तुला फशीवलं, व्हय. खरं हाय. आन् ह्ये काय हाय?" तिनं पत्रकाच्या चौकटीवर बोट ठेवलं. "विना-वेदना. आसला शबुद माझ्या तोंडात कवा आलता का गं? आगं, मला बोलायचं हुतं तर मला इचारायचं. मी काय मुकी हाय?"

मी पत्रक उचललं. चौकट परत वाचली.

दादांवर रागावणं सोपं होतं. मी त्यांच्यावर आजही रागावते. पण ते वाक्य त्यांनी माझ्याकडून बळंच लिहून घेतलं नव्हतं. ओल्या प्लास्टरशेजारी बसून, आईला 'दुखतंय का' हे न विचारता, मी तिच्या नावानं ते लिहिलं होतं, आणि वर उद्गारचिन्ह दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिका बाईंना हातानं पत्र लिहिलं. पत्रकातलं ते वाक्य माझ्या आईचं नाही. ते मी प्लास्टर घातलं त्याच दिवशी, परिणाम न बघता लिहिलं. ते खोटं आहे. खाली सही, तारीख. दादांचं नाव घातलं नाही. घालायचा मोह झाला होता.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "उद्या तुम्ही हेही खोटं म्हणाल."

"सही केलीय, बाई."

"त्या पत्रकावरही नाव होतंच की. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

त्यांचं चुकलं नव्हतं, हे सांगताना जीभ जड होते. मी वाक्य जुळवत होते. तेवढ्यात दाराशी उभी असलेली आई पुढं आली.

"बाई, ती खोटारडी हाय. पण पाय माझा हाय. कागूद ऱ्हाऊ दे. माझ्यासंगं वर चला."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग का कोण जाणे, उठल्या.

आई पुढं, बाई मागं, त्यांच्यामागं मी. आईनं कठड्याला धरलं. उजवा पाय पायरीवर चवड्यावर टेकवला, अंग वर ओढलं, मग डावा त्याच पायरीवर आणला. परत उजवा. लहान मूल चढतं तशी, एकेक पायरी. फरशीला तिचा तळवा चिकटून सुटायचा त्याचा बारीक आवाज येत होता, आणि मागं बाईंच्या सँडलची टकटक. पहिल्या मजल्यावर वर्गातल्या मुली खिडकीतून बघायला लागल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आई थांबली. कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि परत पाय उचलला.

"पुरे, मावशी," बाई म्हणाल्या.

"अजून येक मजला हाय."

"मी म्हणते ना, पुरे."

टाईप केलेलं पत्र चार दिवसांनी मिळालं. वैद्यकीय कारणास्तव, केवळ या कर्मचाऱ्यास, आवाज न करणारी मऊ तळाची चप्पल इमारतीत वापरण्यास परवानगी. बसून काम मिळालं नाही. कायम करायचं नावही नाही. आईनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि 'केवळ' म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजे माझ्यापुरतंच," ती म्हणाली.

चप्पल मामांनी शिवली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "पाय दे म्हनावं अक्काला, बोलत काय बसतीस." मऊ मायक्रो रबराचे दोन थर, टाचेकडं बोटभर उंच, आणि जिथं दुखतं तिथं वरच्या थरात रुपयाएवढा खळगा. मागं पट्टा, म्हणजे बोटांनी चप्पल धरून ठेवावी लागत नाही. आईनं चार पावलं टाकली, मग दहा. दुखणं गेलं असं ती म्हणाली नाही. "आता पाय टेकतोय," एवढंच म्हणाली. सकाळचं भिंतीला धरून चालणं सुटायला पुढं सहा महिने लागले, आणि थंडीत ते परत येतं.

संघटनेत माझी गरज संपली. कुणी काढलं नाही, बैठकीचा निरोप यायचा थांबला. नेसरीचं शिबिर झालं. तिथं दुसरी कुणीतरी माउली बोलली, असं ऐकलं. ती खरंच बोलली का, कोण जाणे.

त्यानंतर एकदा शाळा सुटायच्या वेळेला मी आईची वाट बघत जिन्याखाली उभी होते. दुसऱ्या मावशी वरून बादली घेऊन उतरल्या, अनवाणी. आईच्या पायाकडं, मग माझ्याकडं बघितलं.

"काय गं, लिहिणारी! माझी बी टाच दुखती म्हनून लिही की कागदावर. मला बी मिळंल चप्पल."

"खरंच दुखते का, मावशी?"

"न्हाय बाई. जोतिबाचा डोंगर चढून येतो मी." त्या हसल्या आणि एक तळवा दुसऱ्या पोटरीवर घासला. "फरशी लई गार लागती, थंडीच्या दिवसांत. तेवढंच."

"मग तेवढंच लिहू?"

"तेवढ्यावर कोन देतंय?"

आई म्हणाली, "लिही तू. पण आदी तिला वाचून दाखीव."

मी तिथंच पायरीवर बसून लिहिलं. मुख्याध्यापिका बाईंना अर्ज, मावशी आणि पंपवाल्या काकांच्या वतीनं. फरशी गार लागते. बाकीचे सगळे चपला घालून वर जातात. आम्हालाही घालू द्याव्यात. मधे एका ठिकाणी 'हा अमानुष प्रकार' असं आपोआप आलं. मावशींनी बादली खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

"ते अमानुस का काय, ते काढ," त्या म्हणाल्या. "मी तसं म्हनले न्हाय."

मी खोडलं. मग त्यांनी सही करायला पेन मागितलं.